पोटातलं पाणी

हिच्या पोटात पाणी झालं होतं
आणि मला पत्ता नव्हता.
पाठीवर बर्फाच्या चौदा लाद्या,
खाली भुसा, वर ओलं गोणपाट,
पहाटे साडेतीनला फुरसुंगी सोडली,
जायचं गणेश पेठेत, मासळीबाजारात.
रामटेकडीच्या चढाला एक उचकी,
मग दुसरी,
मग इंजिन असं गप्प झालं
जसं हसता हसता कुणी
सावकाराचं नाव ऐकावं.

मागून टपटप सुरू.

मोबाइल दातांत धरून खाली शिरलो.
फिल्टरच्या बुडाची चावी अर्धा आटा सैल केली,
डब्याच्या झाकणात धरलं जे काय आलं ते.
पाणी. थंड, नितळ, निलाजरं पाणी,
वर डिझेलचा पातळ तवंग.
मागे विकायचं पाणी वितळत चाललेलं,
पुढे फुकटचं पाणी वाट अडवून बसलेलं,
आणि मधे मी, तोंडाला कोरड.

फिल्टर बदलला. सीटखाली एक असतोच.
रबराच्या कडीला बोटाने डिझेल चोळलं,
लहान मुलाच्या टाळूला तेल लावावं तसं.
मग अंगठा पंपावर:
दाब, दाब, दाब.
आधी फेस, मग थुंकी, पुन्हा फेस.
हवा एवढी कुठून येते,
ही काय श्वास धरून बसली होती?
एकशे दहा मोजले, पुढे मोजलं नाही.
सलग धार लागली तेव्हा
समोर एका रिक्षाने दिवा मारला,
धार मधासारखी दिसली.
सतराच्या पान्याने चारही नळ्यांचे नट ढिले,
एक हात किल्लीवर, एक पाय रस्त्यावर.
धूर पांढरा. मग काळा.
मग नाहीच.

झेलूबाई काही बोलली नाही.
लादीवरून तळहात फिरवला,
गुळगुळीत झालेल्या कोपऱ्यावर थांबली,
आणि चौदाचे पैसे अकरा करून दिले.

भवानी पेठेत दाऊद तांबोळींकडे पंप टाकला.
त्यांच्या यंत्रावर काचेच्या चार नळ्या,
चारींत डिझेल एकसारखं चढायला हवं.
तिसरी अर्धं बोट मागे.
"ही लंगडते," ते म्हणाले, चष्मा न काढता,
"पाण्याने खाल्लंय.
रात्री टाकीत किती असतं?"
काटा लालवर, मी म्हटलं.
"रिकाम्या टाकीला रात्रभर घाम फुटतो, बाबा.
तो बुडाला बसतो.
सकाळी तू तिला तोच पाजतोस."

अकरा वर्षं मी सकाळीच भरत आलो,
तीनशेचं, चारशेचं,
आदल्या दिवशी जेवढं सुटलं तेवढ्याचं.
माझं पोट हातावर,
मग तिचंही हातावरच.
हे कधी बोललो नव्हतो,
त्या काचेच्या नळ्यांसमोर बोललो.
तांबोळींनी मान हलवली नुसती,
आणि पुढच्या गिऱ्हाइकाचं नॉझल हातात घेतलं.

आता रात्री टाकी काठोकाठ.
वाण्याची वही त्यापायी दोन पानं पुढे गेली,
ते वेगळं.
रविवारी चावी सैल करतो,
जे येतं ते मुरंब्याच्या जुन्या बरणीत.
रेणुका दिव्यासमोर धरते,
तळाची रेघ नखाने मोजते.
गेल्या महिन्यात बोटभर होती,
काल केसाएवढी.
"आहे अजून," म्हणाली. खोटं बोलत नाही ती.

तांब्याचे जुने वायसर फेकत नाही मी.
गॅसवर लाल होईतो धरायचे, पाण्यात सोडायचे,
चर्रर्र झालं की मऊ पडतात,
पुन्हा बसतात, गळत नाहीत.
बायको म्हणते, आधी चहा होऊ दे,
मग तुझी ती नथ भाज.